काठी, वादी आणि पेटी

साप दृष्टीस पडला की मनुष्याचा हात प्रथम काठीकडे जातो. ही गोष्ट सर्व देशांत आणि सर्व काळांत सारखीच आढळते. आपल्याकडे तर या प्रसंगावरून म्हणच रूढ झाली आहे: सापही मरावा आणि काठीही मोडू नये. व्यवहारातील चातुर्याची परमावधी दाखविण्यासाठी ती सांगितली जाते. परंतु या म्हणीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. ती ही की, सापाच्या बाबतीत काठीला मारण्याखेरीज दुसरे काम नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात हे गृहीतच मुळी बदलले गेले. तेथील मळेवाल्यांच्या हाती काठी राहिली ती राहिलीच; मात्र तिच्या टोकाला चामड्याची एक वादी आली आणि शेजारी लाकडाची एक पेटी आली. एवढ्याशा फरकाने साप मरेनासा झाला आणि माणूस वाचू लागला. कोणत्याही गावच्या सुताराला करता येण्याजोग्या या साधनांचा इतिहास मोठ्या यंत्रांच्या इतिहासाइतकाच बोधप्रद आहे.

हा फरक किती मोठा होता हे कळण्यासाठी प्रथम आपल्या कोकणाकडे पाहावयास हवे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या सरकारने सर्पदंशाचे मृत्यू कमी करण्यासाठी जो उपाय योजिला, तो इनामाचा होता. साप मारून आणावा, कचेरीत दाखवावा आणि ठरलेले पैसे घेऊन जावे. रत्नागिरी जिल्हा फुरशांविषयी प्रसिद्ध. तेथे १८६२ सालच्या डिसेंबर महिन्यात अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारून हजर करण्यात आली, अशी नोंद आहे. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु एवढ्या संहाराचे फळ काय निघाले? फुरसे कोकणातून नाहीसे झाले नाही. ते आजही तेथील कातळावर आणि गवतात आहे. ज्याला दंश झाला त्याच्या उपयोगी पडेल असे औषधही त्या लाखभर मृत सापांतून थेंबभर निघाले नाही. मेलेला साप कचेरीत मोजता येतो, पण त्याचा पुढे काही उपयोग करता येत नाही. सरकारने पैसे मोजले ते सापाच्या मरणाचे. विद्येच्या दृष्टीने किंमत होती ती त्याच्या जिवंतपणाची.

ही किंमत प्रथम ध्यानात आली ती एका विलक्षण योगायोगाने. १८९१ च्या ऑक्टोबरात, आज ज्याला व्हिएतनाम म्हणतात त्या देशाच्या दक्षिण टोकास, बाक लिऊजवळच्या एका खेड्यात पुराचे पाणी शिरले. पाण्याबरोबर नागही घरांत शिरले. चाळीस माणसांना दंश झाला आणि त्यांतील चार दगावली. तेथील एका गारुड्याने एकोणीस नाग जिवंत पकडून एका पिंपात बंद केले. जिल्ह्याच्या फ्रेंच अधिकाऱ्याला सुबुद्धी सुचली आणि त्याने ते पिंप नष्ट न करता सायगाव येथे नुकत्याच निघालेल्या पाश्चर संस्थेकडे पाठवून दिले. संस्थेचा प्रमुख आल्बेर काल्मेत हा तरुण डॉक्टर होता. त्या एका पिंपातून त्याच्या सर्पविषाच्या अभ्यासास प्रारंभ झाला. पुढे फ्रान्समध्ये परतल्यावर १८९४ साली त्याने, तसेच पॅरिसच्या फिसालिक्स व बर्त्राँ या दोघा शास्त्रज्ञांनी, एक सिद्धांत जगापुढे मांडला. एखाद्या जनावराला सर्पविष अगदी अल्प प्रमाणात टोचून हळूहळू वाढवीत नेले, तर त्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य तयार होते. असे रक्त काढून त्यातील पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, दंश झालेल्या माणसाला टोचले असता विषाचा जोर मोडतो. घोड्यासारखे मोठे जनावर या कामी सोयीचे ठरले. सर्पविषावरील या सीरमाला आज प्रतिविष असे म्हणतात.

मंत्र, मोहरे, जडीबुटी आणि डाग यांच्या अरण्यात भटकणाऱ्या जगाला अखेर एक खरा उपाय सापडला होता. काल्मेतची समजूत अशी होती की, नागाच्या विषापासून केलेले आपले प्रतिविष सर्वच सापांच्या दंशावर चालेल. ही समजूत चुकीची आहे असे ज्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले, त्यांपैकी एक आपल्या मुंबईत काम करीत होता आणि दुसरा ब्राझीलमध्ये साओ पाउलो येथे.

साओ पाउलो येथील या डॉक्टरचे नाव व्हितल ब्राझिल. त्याचा जन्म २८ एप्रिल १८६५ रोजी मिनास जेराइस प्रांतातील कांपान्या गावी झाला. त्याच्या वडिलांनी मुलाच्या नावात देश, प्रांत आणि गाव या तिन्हींची नावे गुंफली होती; व्हितल ब्राझिल मिनेइरो दा कांपान्या असे त्याचे पूर्ण नाव. १८९१ साली रिओ द जानेरो येथे तो वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि काही वर्षांनी साओ पाउलो प्रांतातील बोतुकातू या गावी त्याने व्यवसाय मांडला. तो काळ कॉफीचा होता. मैलोगणती जंगल तोडून मळे उठविले जात होते. १८८८ साली त्या देशात गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती. मळ्यांत राबत होते ते नुकतेच मुक्त झालेले काळे मजूर आणि युरोपातून पोटासाठी आलेले गरीब लोक. पायात जोडे नाहीत, कमरेइतके गवत, आणि त्या गवतात दोन साप. एक जराराका, हा चावला की अंग सुजते, रक्त गोठण्याची शक्ती जाते आणि मांस सडते. दुसरा कास्कावेल, म्हणजे शेपटीने खुळखुळा वाजविणारा साप. याच्या दंशाने पापण्या मिटू लागतात, अंगातील बळ जाते आणि पुढे मूत्रपिंडे काम करीनाशी होतात. आपल्याकडील घोणस व फुरसे एका बाजूस आणि नाग व मण्यार दुसऱ्या बाजूस घातली असता जो भेद दिसतो, त्याच्याशी याचे थोडेबहुत साम्य आहे.

असे रोगी दारात आणले जात आणि डॉक्टरपाशी द्यावयास काही नसे. लोक ज्या वनस्पतींची नावे घेत, त्यांचे गुण त्याने तपासून पाहिले. हाती काही लागले नाही. पुढे काल्मेतचे संशोधन त्याच्या वाचनात आले, तेव्हा त्याने गावची प्रॅक्टिस सोडली आणि १८९७ साली साओ पाउलोच्या जंतुशास्त्रीय संस्थेत नोकरी धरली. या संस्थेचा प्रमुख आदोल्फो लुत्झ नावाचा स्विस कुळातील परंतु रिओत जन्मलेला विद्वान होता. जंतू, डास, बेडूक, कृमी यांपैकी त्याने ज्याचा अभ्यास केला नाही असे थोडेच. या कथेतील वादी त्याच्या नावाने ओळखली जाते. पण ती येण्यास अजून अवकाश आहे.

१८९९ साली सांतोस बंदरात प्लेग आला. चौकशीसाठी व्हितल ब्राझिलला पाठविण्यात आले आणि स्वतः त्यालाच प्लेगची बाधा झाली. तो त्यातून वाचला. प्लेगवरील सीरम देशातच तयार व्हावे म्हणून सरकारने शहराबाहेरील बुतांतान नावाची एक शेतवाडी विकत घेतली. त्या वाडीवरील साध्या छपरात काम सुरू झाले आणि १९०१ च्या फेब्रुवारीत तिला स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला. येथे मुंबईशी असलेले साम्य नजरेत भरते. परळ येथील हाफकिन संस्थाही मुंबईतील १८९६ च्या प्लेगातून जन्मली. प्रथम तिचे नाव प्लेग संशोधन प्रयोगशाळा असे होते. हाफकिनचे नाव तिला १९२५ साली देण्यात आले. एकाच रोगाने दोन दूरच्या शहरांत दोन प्रयोगशाळा उभ्या केल्या, आणि दोन्ही ठिकाणी प्लेगच्या पाठोपाठ सर्पविषाचा विचार सुरू झाला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत मुंबईच्या या प्रयोगशाळेत जॉर्ज लँब या लष्करी डॉक्टराने नागाच्या विषावरील प्रतिविष घोणसाच्या विषावर निरुपयोगी ठरते असे दाखवून दिले. तिकडे व्हितल ब्राझिलने काल्मेतचे प्रतिविष जराराका व कास्कावेल यांच्या विषापुढे चालत नाही असे सिद्ध केले. इतकेच नव्हे, तर जराराकावरचे प्रतिविष कास्कावेलवर आणि कास्कावेलवरचे जराराकावर लागू पडत नाही हेही दाखविले. विष तसे प्रतिविष, हा नियम ठरला. १९०१ सालीच बुतांतानहून जराराकासाठी एक आणि कास्कावेलसाठी एक अशी औषधे बाहेर पडू लागली. कोणता साप चावला हे कळत नसेल त्या प्रसंगासाठी दोहोंचे मिश्रणही करण्यात आले.

शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न सुटला. व्यवहाराच्या दृष्टीने तो येथेच सुरू झाला. विष तसे प्रतिविष, म्हणजे ज्या प्रदेशात दंश होतो त्या प्रदेशातील सापांचे विष हवे. एका सापाकडून एका वेळी मिळणारे विष काही थेंबांचे. पिंजऱ्यातील साप पुष्कळदा अन्न सोडतो आणि फार दिवस टिकत नाही. म्हणजे एक पिंप पुरावयाचे नाही. वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडे, जिवंत साप येत राहिले पाहिजेत. साओ पाउलो प्रांताचा विस्तार आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास. एवढ्या मुलखात साप शोधीत हिंडणारे नोकर कोठून आणावे? ज्यांच्या पायाखाली साप होता, त्या मजुरांनी आणि मळेवाल्यांनीच तो पकडला तर काम होणार होते. परंतु आजवर त्यांना ठाऊक होते ते ठेचणे. ज्याला ठेचावयाचे त्याला हाताने धरा असे सांगणे, म्हणजे एक रोगी वाचविण्यासाठी दुसरा निर्माण करणे होय. गारुड्याचे हस्तकौशल्य हजारो लोकांना शिकविता येत नाही. तेव्हा हे कौशल्य माणसाच्या बोटांतून काढून एखाद्या साधनात घालणे, हाच मार्ग उरला.

ते साधन म्हणजे लुत्झचा फास. त्याची रचना इतकी साधी आहे की वर्णन ऐकताच डोळ्यांपुढे उभी राहते. एक सरळ, हलका पण न वाकणारा लाकडी दांडा घ्यावयाचा. त्याच्या टोकाशी चामड्याच्या वादीचा फास करावयाचा, आणि वादीचे मोकळे टोक दांड्याच्या कडेने मागे हाताशी आणावयाचे. हे टोक ओढले की फास लहान होतो. सोडले की मोठा होतो. दांड्याच्या लांबीमुळे माणसाचा हात सापाच्या झेपेबाहेर राहतो. फास सापाच्या डोक्यावरून घालून मानेशी आवळला की साप बांधला जातो, आणि दांड्यासकट उचलून हवा तेथे नेता येतो.

या साधनातील प्रत्येक भागाला कारण आहे. दांडा फार आखूड असेल तर साप पोहोचेल. फार लांब असेल तर टोक डळमळेल आणि फास नेमका बसणार नाही. सुतळी किंवा तार यांपेक्षा वादी बरी, कारण ती रुंद असल्याने दाब पसरतो आणि कातडीत रुतत नाही. शिवाय चामड्याला स्वतःचा ताठपणा असल्याने फास उघडा राहतो, सुतळीसारखा लोंबकळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यातील एकही वस्तू दुर्मीळ नव्हती. ज्या मळ्यावर घोडे व गुरे आहेत, तेथे लगाम-खोगिराचे चामडे असते, ते शिवणारा असतो आणि दांडा तासणारा सुतारही असतो. संस्था हे फास पाठवीत असे. परंतु एक नमुना डोळ्यांसमोर आल्यावर दुसरा करण्यास किंवा तुटलेली वादी बदलण्यास साओ पाउलोची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

फासाची जोडीदारीण पेटी. पकडलेल्या सापाला शेकडो मैल जिवंत न्यावयाचे, तेही पोस्टातले व रेल्वेतले नोकर निर्धास्त राहतील अशा रीतीने. पेटी लाकडाची, घट्ट झाकणाची. हवा खेळेल पण सापाचे तोंड बाहेर येणार नाही अशा बेताची भोके तिला ठेवलेली. फासातील साप पेटीत सोडावयाचा, वादी सैल करावयाची, दांडा काढून घेऊन झाकण लावावयाचे. या सर्व क्रियेत बोट कोठेच सापाजवळ जात नाही. पकडण्याच्या क्षणापेक्षा सोडण्याचा क्षण अधिक धोक्याचा असतो, हे सापांशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. फास आणि पेटी ही एकमेकांसाठी केलेली असल्यामुळे तो धोका पुष्कळ कमी झाला.

आता राहिला प्रश्न मोबदल्याचा. रत्नागिरीच्या कचेरीत मृत सापाबद्दल पैसा मिळत असे. बुतांतानहून जिवंत सापाबद्दल औषध मिळू लागले. मळेवाल्याने साप पाठवावे. संस्थेने त्या बदल्यात प्रतिविषाच्या कुप्या, टोचण्याची पिचकारी, आणि पुन्हा साप पाठविण्यासाठी पेटी व फास पाठवावे. रेल्वे कंपन्यांनी या पेट्यांची वाहतूक विनामूल्य करण्याचे मान्य केले. हे इनाम नव्हते, व्यापारही नव्हता. ही देवाणघेवाण होती. ज्या गवतात मजुराला दंश होण्याचे भय होते, त्याच गवतातील साप त्याच्यासाठी औषध होऊन परत येत होता. औषध मळ्यावरच असल्याने रोग्याला शहरात नेण्यात जाणारा अमोल वेळही वाचला. तारायंत्रे आणि मोटारी सर्वत्र नव्हत्या अशा त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

कुपीबरोबर एक छापील पत्रकही जात असे. औषध वापरावे लागले तर कोणता साप, शरीराच्या कोणत्या भागावर दंश, औषध किती वेळाने दिले, परिणाम काय झाला, हे भरून ते परत पाठवावयाचे. अशा पत्रकांतून सर्पदंशाविषयी जे ज्ञान जमले ते प्रयोगशाळेत बसून कधीही जमले नसते. बहुतेक दंश पायावर होतात हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून व्हितल ब्राझिल बूट व पायावरील चामडी आवरणे वापरण्याचा उपदेश तितक्याच आग्रहाने करू लागला. १९११ साली त्याने सर्पदंशापासून संरक्षणाचा सर्व विषय लोकांना समजेल अशा भाषेत एका पुस्तकात मांडला. १९१४ मध्ये त्याची फ्रेंच आवृत्ती निघाली. जो शेतकरी पूर्वी सरसकट सर्व साप ठेचीत असे, तो आता पेटीत कोणता साप घालावयाचा याचा विचार करू लागला. विषारी कोणता, निर्विष कोणता, आणि दुसऱ्या सापांना गिळून माणसाचे हितच करणारा मुसुराना कोणता, याची ओळख त्याला होऊ लागली. हातातील साधन बदलले आणि त्याबरोबर दृष्टीही बदलली.

बुतांतानची कीर्ती लवकरच देशाबाहेर गेली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१३ साली या संस्थेला भेट दिली आणि मुसुराना विषारी सापाला कसा गिळतो हे तेथे प्रत्यक्ष पाहिले. १९१६ च्या प्रारंभी न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील एका रखवालदाराला खुळखुळ्या सापाने दंश केला. इतर उपायांनी गुण येईना. त्या वेळी एका शास्त्रीय परिषदेसाठी व्हितल ब्राझिल अमेरिकेत आलेला होता आणि त्याच्याजवळ आपल्या संस्थेचे प्रतिविष होते. ते टोचल्यावर रखवालदार वाचला, आणि कॉफीच्या मळ्यांतून पेट्यांत भरून आलेल्या सापांचे मोल न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना कळले. १९१९ साली व्हितल ब्राझिलने रिओसमोरील नितेरोय येथे नवी संस्था काढली. ती आज त्याच्याच नावाने चालते. ८ मे १९५० रोजी तो निवर्तला.

लुत्झच्या फासाची थोरवी सांगताना त्याचा दोष लपविणे इतिहासाला धरून होणार नाही. वादी रुंद असली तरी ती मानेभोवतीच आवळली जाते, आणि सापाची मान नाजूक असते. साप तडफडला आणि धरणाऱ्याने घाबरून अधिक ओढले, तर मणक्याला इजा होऊन साप पुढे मरतो. म्हणून सापांची निगा अधिक काळजीने घेतली जाऊ लागली तसतसा आकडीचा प्रसार वाढला. आकडी म्हणजे दांड्याच्या टोकाला बसविलेली, टोक बोथट केलेली लोखंडाची वाकवलेली सळई. तिने सापाला आवळावयाचे नाही, केवळ शरीराच्या मध्यावर आधार देऊन उचलावयाचे. आधार मिळालेला साप पुष्कळदा स्वस्थ राहतो. आवळलेला साप प्राणपणाने झगडतो. फासाने सापाला कैद केले, आकडीने त्याला तोलून धरले. यात फासाचा अपमान नाही. जे साधन सुतार-लोहाराच्या हाताने होते, ते त्याच हाताने सुधारताही येते, हाच त्याचा मोठा गुण. आजही जगभरच्या सर्पगृहांत दिसणारी आकडी ही कोणत्याही लोहाराला ओळखीची वाटेल अशीच वस्तू आहे.

हिंदुस्थानातही प्रतिविष लवकरच तयार होऊ लागले. कसौली येथील संस्थेत आणि पुढे परळच्या हाफकिन संस्थेत हे काम चालले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्र चालणारे प्रतिविष आज देशभर वापरले जाते. परंतु ब्राझीलसारखी देवाणघेवाण, जीत शेतकरी स्वतः औषधाच्या निर्मितीत वाटेकरी होतो, ती आपल्याकडे तशी रुजली नाही. तिच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण तामिळनाडूत सापडते. तेथील इरुळा जमातीचे लोक पिढ्यान्पिढ्या साप पकडण्यात निष्णात. एके काळी त्यांचे पोट सापांच्या कातड्यांच्या व्यापारावर चाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पाठोपाठ आलेल्या निर्यातबंदीने तो व्यापार संपला. तेव्हा १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या प्रयत्नाने चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. पहार, कापडी पिशवी आणि मातीचे मडके, ही त्यांची हत्यारे. पहारीने बीळ उकरावयाचे, साप पिशवीत घ्यावयाचा, आणि तोंडाला फडके बांधलेल्या मडक्यात काही आठवडे ठेवून त्याचे विष काढावयाचे. मग पोटाच्या खवल्यांवर खूण करून त्याला पुन्हा रानात सोडून द्यावयाचे. मडके हे आपल्या देशातील पेटीच म्हणावयाचे. आतून थंड, हवेशीर, आणि कुंभाराच्या चाकावर चार पैशांत होणारे. कातड्यासाठी मरणारा साप आता विषासाठी जगू लागला, आणि ज्या हातांना गुन्हेगार ठरण्याची वेळ आली होती, त्याच हातांतून देशभरच्या इस्पितळांना लागणाऱ्या औषधाचा कच्चा माल येऊ लागला.

हा सर्व इतिहास केवळ गतकाळाचा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे दर वर्षी सरासरी ५८,०००. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील शेतकरी व मजूर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादीत घातले, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना भारत सरकारने २०२४ साली जाहीर केली. विष तसे प्रतिविष, हा लँबचा आणि व्हितल ब्राझिलचा नियम तर आज अधिकच सूक्ष्म रूपाने पुढे आला आहे. एकाच जातीच्या सापाचे विषदेखील प्रांताप्रांताने भिन्न असते, आणि मुख्यतः तामिळनाडूतील विषापासून केलेले औषध पंजाबात किंवा पश्चिम भारतात तितकेच लागू पडेल असे नाही, असे संशोधकांना आढळून आले आहे. म्हणजे निरनिराळ्या प्रांतांतील जिवंत सापांची आज पुन्हा गरज आहे. आणि फिरून तोच प्रश्न उभा राहतो की, त्यांना सुरक्षितपणे धरावयाचे कोणी आणि कशाने?

याचे उत्तर प्रत्येकाने परसात दांडा तासून साप धरावयास निघावे असे मात्र नव्हे. बुतांतानच्या मळेवाल्यांपाशी दुसरा इलाज नव्हता. आज साप पकडणे हे शिकलेल्या व परवाना असलेल्या माणसांचे काम आहे आणि आपल्या कायद्याने ते तसे ठरविले आहे. घरात साप निघाला तर दूर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी व जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. दंश झालाच तर मांत्रिकाच्या दारात क्षणही न घालविता इस्पितळ गाठावे. सर्वसामान्यांच्या वाट्याचे काम एवढेच, पण ते लहान नाही. हातातील काठी सापावर न उगारणे हा त्यातील पहिला भाग होय.

१५ मे २०१० रोजी बुतांतानच्या सर्पसंग्रहाला आग लागली. शंभर वर्षांत जमलेले, काचेच्या बरण्यांत जतन केलेले सत्तर हजारांहून अधिक सापांचे नमुने त्या एका दिवसात जळाले. त्यांतील असंख्य नमुने कोणा मळेवाल्याने फासात धरून, पेटीत घालून, रेल्वेने पाठविलेल्या सापांचे होते. त्या पाठविणाऱ्यांची नावे कोणत्याही इतिहासग्रंथात नाहीत. संस्थेने राखेतून संग्रह पुन्हा उभारावयास घेतला, आणि शेजारच्या इमारतींत घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष करण्याचे काम चालूच राहिले. नमुने जळाले, परंतु त्या पेट्यांतील सापांपासून झालेले औषध केव्हाच माणसांच्या अंगी लागलेले होते. सापही मेला नाही आणि काठीही मोडली नाही, अशी ही कथा आहे.